ताडोबाची सफारी: परमिटपासून परतीच्या रस्त्यापर्यंत, कुठल्या क्रमानं काय करायचं

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची आत्या, ठाण्याचा जुना मित्र, कुणाचे तरी शेजारी. पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या वाघ कुठं दिसतोय?" दोन मिनिटं बोलल्यावर कळतं की सुट्टी मंजूर झाली आहे, रेल्वेची तिकिटं हातात आहेत, रिसॉर्टला आगाऊ पैसे भरून झाले आहेत, आणि परमिट मात्र अजून काढलेलंच नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका कुटुंबानं मुक्काम कोलाऱ्याला घेतला आणि परमिट काढलं मोहर्लीचं. ही जंगलात शिरायची दोन वेगळी गेटं, पण नकाशावर दोन्ही "ताडोबा" म्हणून शेजारी दिसत होती. पहाटे तीनला उठून, झोपाळू पोरांना गाडीत कोंबून, बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालत ते मोहर्लीला पोचले तेव्हा इतरांच्या जिप्सी (सफारीच्या उघड्या गाड्या) आत जाऊन पाऊण तास झाला होता.

पाहणाऱ्यांचं नशीब जंगलात बिघडतं त्यापेक्षा जास्त वेळा घरी बसून बिघडतं. म्हणून हा लेख क्रमानं लिहिला आहे. हाच क्रम धरा, मधला टप्पा गाळू नका.

## टप्पा १: आधी महिना ठरवा

ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला गाभ्याचा भाग, १ ऑक्टोबर ते ३० जून एवढाच उघडा असतो. पावसाळ्याचे तीन महिने फक्त बफरमधली (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली) काही गेटं चालू राहतात, तीही रस्त्यांची अवस्था बघून. शिवाय दर मंगळवारी कोअरमधलं पर्यटन बंद असतं. शनिवार ते मंगळवार अशी सुट्टी काढून मंगळवार रिकामा घालवणारे लोक मी दर हंगामात बघतो.

आता कोणता महिना? हे तुम्हाला काय बघायचं आहे आणि तुमच्यासोबत कोण आहे यावर ठरतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगार आणि दाट असतं. गवत कमरेइतकं, बांबू भरलेला. वाघ दहा फुटांवर बसला असला तरी दिसेलच असं नाही. पण हवा छान, धूळ कमी, तलावांवर पाखरं येऊ लागलेली. ज्यांना जंगलच बघायचं आहे त्यांनी खुशाल याच दिवसांत यावं.

डिसेंबर-जानेवारीची पहाट उघड्या जिप्सीत हाडं गोठवते. चंद्रपूर म्हणजे उकाडा एवढंच ऐकलेले लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात येतात आणि पहिला तासभर डोळे मिटून कुडकुडत बसतात. या दिवसांत आजीआजोबांना आणायचं तर दुपारची फेरी घ्या.

मार्चमध्ये पानगळ होते, पळस फुलतो, मोह गळायला लागतो. मोहाच्या झाडाखाली अस्वल येतं. माझ्या मते कुटुंबासाठी मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला: जंगल मोकळं झालेलं असतं आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं.

एप्रिल, मे आणि जूनचा पूर्वार्ध हा पाणवठ्यांचा काळ. पाणी आटतं, उरलेल्या बोड्या (लहान तळी) आणि टाक्यांवर सगळं जंगल येतं, त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारच्या फेरीत तुम्ही त्या उन्हात तीन-चार तास उघड्यावर बसणार आहात, हे समजून या.

सावधान: तान्हं मूल, गर्भवती, पाठीच्या मणक्याचा त्रास असलेली व्यक्ती यांना जिप्सीत बसवू नका. रस्ते कच्चे आहेत, गचके बसतात, आणि मधेच "आता परत फिरू" म्हणता येत नाही.

## टप्पा २: मग गेट निवडा

सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा पसारा सुमारे १७२७ चौरस किलोमीटर आहे. त्यातला साधारण ६२५ चौरस किलोमीटर कोअर, बाकीचा बफर. कोअरला वेगवेगळ्या बाजूंनी गेटं आहेत: मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, पांगडी आणि झरी. ही एकाच रस्त्यावरची दारं नव्हेत. एका गेटावरून दुसऱ्यावर जायचं तर जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो आणि त्यात कधी कधी दोन-दोन तास जातात.

त्यामुळे आधी स्वतःला विचारा, आपण येणार कुठून?

चंद्रपूर किंवा बल्लारशाहला रेल्वेनं उतरणार असाल तर मोहर्ली जवळ. पद्मापूरवरून साधारण तासाभरात पोचता. नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर असे येणार असाल तर कोलारा आणि नवेगाव सोयीचे. वरोरा-भद्रावतीच्या बाजूनं येणाऱ्यांना खुटवंडा बरा पडतो. झरी आणि पांगडी ही गेटं कोळसा नावाच्या वनपरिक्षेत्राच्या अंगाला, मूल गावाच्या रस्त्याच्या बाजूला येतात. तिकडे गर्दी कमी असते, डोंगराळ दाट जंगल आहे, आणि शांतता हवी असणाऱ्यांना मी तिकडेच पाठवतो.

बफरला दुय्यम समजू नका. आगरझरी, जुनोना, देवाडा, मदनापूर, अलिझंजा, निमढेला या बफर गेटांवरून वाघ, बिबट, अस्वल सगळं दिसतं. वाघाला कोअर-बफरची रेघ दिसत नाही. फरक एवढाच की बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात, मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहफुलं वेचत असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी माणसं रानात असतात. ज्या वाघासाठी तुम्ही पैसे मोजून आलात, त्याच वाघाच्या शेजारी ती माणसं पायी वावरतात. त्यांच्याकडे कॅमेरे रोखू नका. दिसले तर रामराम करा आणि पुढं चला.

किती फेऱ्या घ्यायच्या? एकच फेरी घेऊन वाघाची अपेक्षा धरणं म्हणजे स्वतःवर आणि ड्रायव्हरवर अन्याय आहे. किमान तीन घ्या. दोन कोअरच्या, एक बफरची. त्यातल्या दोन लागोपाठ असाव्यात, म्हणजे आज संध्याकाळी आणि लगेच उद्या सकाळी, आणि शक्यतो त्याच बाजूनं. संध्याकाळी जिथं ठसे दिसले, कॉल (प्राण्यांचे इशाऱ्याचे आवाज) ऐकू आले, तिथून सकाळी सुरुवात करता येते. दर फेरीला नवं गेट घेणाऱ्यांचा हा धागा तुटतो.

## टप्पा ३: परमिट हातात पडल्याशिवाय एक रुपयाही दुसरीकडे भरू नका

परमिट व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑनलाइन काढायचं असतं. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना हे दिवस फार आधी भरतात, म्हणून तारखा ठरल्या की त्याच दिवशी बघायला बसा.

बसण्याआधी टेबलावर सगळ्यांची ओळखपत्रं ठेवा. आधारवर जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमानं टाइप करा. घरात "पिंकी" म्हणतो म्हणून परमिटवर पिंकी लिहिलेलं मी बघितलं आहे. गेटवर ओळखपत्र जुळवून बघतात आणि नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. एकाच्या नावावर दुसरा जाईल, हाही हिशेब करू नका.

जिप्सीत सहा पर्यटक बसतात, सोबत गाइड आणि ड्रायव्हर. आठ जणांचं कुटुंब असेल तर दोन जिप्सी लागतील, मुलं कितीही बारीक असोत. लहान मुलांच्या वयाचा आणि आसनाचा जो नियम बुकिंगच्या पानावर दिला असेल तो पैसे भरण्याआधी वाचा. आणि रकमेत नेमकं काय धरलं आहे तेही बघा: प्रवेश, जिप्सी, गाइड, कॅमेरा. जे धरलेलं नसेल ते गेटवर द्यावं लागतं, म्हणून सुट्टे पैसे जवळ ठेवा.

सावधान: शोधल्यावर सर्वांत वर येणारं पान जाहिरातीचं असू शकतं. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानांवर पैसे गेलेले लोक मला भेटले आहेत. "परमिट आम्ही बघतो, तुम्ही फक्त आगाऊ भरा" म्हणणाऱ्याकडून आधी परमिटची प्रत मागा. त्यावर तुमचं नाव, गेटाचं नाव, तारीख आणि सकाळ की दुपार या चारही गोष्टी असल्याच पाहिजेत. एका मुक्कामवाल्यानं माझ्या ओळखीच्या दाम्पत्याला "कोअर सफारी" म्हणून पैसे घेऊन बफरचं परमिट हातात ठेवलं होतं. त्यांना ते गेटवर कळलं.

तपासा: परमिट आलं? गेटाचं नाव मोठ्यानं वाचा. तारखेचा वार बघा. आता पुढं.

## टप्पा ४: मुक्काम आणि प्रवास

मुक्काम परमिटवरच्या गेटापासून अर्ध्या तासाच्या आत हवा. बुक करण्याआधी फोन करून सरळ विचारा: "तुमच्या दारापासून अमुक गेट किती मिनिटं? पहाटे चहा मिळेल का?" किलोमीटर विचारू नका, मिनिटंच विचारा. त्या रस्त्यांवर किलोमीटरचा काही भरवसा नाही.

पोचायचं दिवसाउजेडी. चंद्रपूर-मोहर्ली रस्ता असो की मूलचा, दोन्ही जंगलातून जातात आणि अंधार पडल्यावर चितळ, रानडुक्कर, कधी बिबट गाडीसमोर येतो. रात्रीची गाडी पकडून पहाटे पाचला स्टेशनवर उतरायचं आणि सहाची सफारी गाठायची, हा बेत कागदावरच छान दिसतो. गाडी अर्धा तास उशिरा आली की संपलं. एक दिवस आधी या आणि पहिली फेरी दुपारची ठेवा.

## टप्पा ५: बॅगेत काय, अंगावर काय

रंगाबद्दल लोक फार काळजी करतात. सैनिकी ठिपक्यांचे कपडे विकत घ्यायची काही गरज नाही. मातकट, हिरवट, राखाडी, फिका तपकिरी असं काहीही चालतं. पांढरंशुभ्र, लालभडक, पिवळंधमक टाळा. अत्तर आणि सुगंधी फवारे अजिबात नकोत. खुळखुळणारी पैंजणं, बांगड्या मुक्कामावर काढून ठेवा.

विदर्भात उन्हात निघणारी प्रत्येक पोरगी दुपट्टा बांधते, तसाच सगळ्यांनी बांधा. डोकं, कान, नाक, तोंड सगळं झाकलं गेलं पाहिजे. धूळ इतकी उडते की संध्याकाळी भुवया तांबूस दिसतात. सैल टोपी पहिल्याच वळणावर उडून जाते आणि ती आणायला खाली उतरता येत नाही.

हिवाळ्यात एक जाड स्वेटर पुरत नाही. पातळ कपड्यांचे तीन थर, कानटोपी, हातमोजे, आणि मांडीवर टाकायला एक घोंगडी किंवा जाड चादर. नऊच्या सुमारास एकेक थर उतरवता येतो.

पाणी माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दीड, आणि तेही धातूच्या बाटलीत. उन्हाळ्यात सोबत ओआरएसची पाकिटं. खाणं पोटात घेऊन निघा. जिप्सीत चिवड्याची पिशवी फोडली की वानरं जवळ येतात, आणि ते खूळ एकदा लागलं की त्यांचं रान सुटतं.

दुर्बीण एक तरी असू द्या. ८ × ४२ (आठपट जवळ दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) ही साधी आणि पुरेशी. मुलांना ती मुक्कामाच्या अंगणात आधी लावायला शिकवा. जंगलात पहिल्यांदा हातात दिली तर ती लावेपर्यंत पाखरू उडून जातं.

मोबाइल? कोअरमध्ये तो वापरायला बंदी आहे. गेटवर जमा करावा लागतो किंवा बंद पिशवीत ठेवावा लागतो. "मोबाइलनंच फोटो काढू" असा बेत असेल तर तो इथंच सोडा. ड्रोनही पूर्ण बंद. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळं शुल्क लागू शकतं.

## टप्पा ६: गेटवरचा पाऊण तास

फेरीच्या वेळा ऋतूप्रमाणं बदलतात, म्हणून परमिटवरची वेळ बघा आणि त्याच्या पाऊण तास आधी गेटवर उभे राहा. तिथं क्रम असा: परमिट आणि मूळ ओळखपत्रं दाखवा, नोंद करा, जिप्सी आणि गाइड मिळतील. बहुतेक गेटांवर दोघंही पाळीनं ठरतात, त्यामुळे "मला अमुकच हवा" म्हणून वाद घालण्यात वेळ जातो. आता बऱ्याच गेटांवर स्त्रियाही गाइड आहेत, आजूबाजूच्या गावांतल्याच. जंगलाची जाण त्यांच्या अंगात आहे.

गाडीत बसण्याआधी शौचालयाला जाऊन या. सगळ्यांनी. मुलांना "नाही लागली" म्हणू देऊ नका.

मग इंजिन सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं गाइडशी बोला. मी दर वेळी हेच बोलतो: "दादा, आम्हाला घाई नाही. वाघ दिसला तर आनंदच, नाही दिसला तरी तक्रार नाही. कॉल आला तर थांबू. पाखरं दिसली तरी थांबवा. कुठून सुरुवात करायची ते तुम्ही ठरवा." या पाच वाक्यांनी फेरीचा सगळा नूर बदलतो. नाहीतर गाइड-ड्रायव्हरच्या मनावर दडपण असतं की यांना वाघ दाखवला नाही तर हे भांडतील. मग गाडी एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर नुसती पळत राहते.

सावधान: "वाघ दाखवला तर वेगळे पैसे देतो" असं कधीही म्हणू नका. त्या एका वाक्यानं ड्रायव्हर नियम मोडायला लागतो आणि दंड त्याला भरावा लागतो.

## टप्पा ७: आत गेल्यावर थांबा आणि ऐका

पळणाऱ्या जिप्सीत फक्त इंजिन ऐकू येतं. अनुभवी गाइड दर थोड्या वेळानं गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावतो. त्या वेळी गप्पा मारू नका, पिशवीची चेन उघडू नका, काहीही करू नका. दोन मिनिटं कान लावून बसा. जंगलात वाघाची पहिली बातमी कानाला मिळते, डोळ्यांना नंतर.

ती बातमी देणारे चार जण आहेत.

चितळ. तीक्ष्ण, शिट्टीसारखा "कुक्". चितळ घाबरट आहे, एखाद-दोन आवाज कोल्ह्यालाही देतो. तो एकदा ओरडून पुन्हा चरायला लागला तर पुढं चला. सगळा कळप एकाच दिशेला तोंड करून, कान ताठ करून उभा असेल आणि आवाज थांबत नसेल, तर थांबा. कळपाची तोंडं ज्या दिशेला आहेत तिकडेच बघा.

वानर. खाकरल्यासारखा "खॅक", आणि मागून घरघर. ते उंचावरून बघतं, म्हणून त्याला लवकर दिसतं. त्याचा आवाज एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे सरकत असेल तर खालचा प्राणी चालतो आहे. पण वानराचा जीव बिबट्यालाही घाबरतो, हे लक्षात असू द्या.

भेकर. अंगावर कुत्रं भुंकावं तसा आवाज, पुन्हा पुन्हा. लहानसं जनावर, आवाज एवढा मोठा की नवखा माणूस दचकतो.

आणि सांबर. खोल, घुमणारा "ढाँक". सांबर उगाच ओरडत नाही. शेपूट उभी, पुढचा एक पाय आपटत, जागेवर खिळून सांबर ओरडत असेल तर गाडी हलवू नका. समोर वाघ, बिबट किंवा रानकुत्र्यांची टोळी, यातलं काही तरी नक्की आहे.

आवाज थांबला म्हणजे वाघ गेला असं समजून लोक उतावीळ होतात. पुष्कळदा तो फक्त बसलेला असतो. एका मे महिन्यात बोडीच्या काठावर आम्ही असेच थांबलो होतो. सांबराचे तीन कॉल, मग सगळं गप्प. आमच्या पुढच्या चार जिप्सी दहा मिनिटं थांबून निघून गेल्या. गाइडताई म्हणाली, "सांबर अजून तिकडंच बघतंय. हलू नका." बांबूचं एकही पान हलत नव्हतं, तापलेल्या मातीचा वास येत होता. पंचवीसेक मिनिटांनी बांबूतली एक सावली आधी जाड झाली, मग तिच्यावर पट्टे उमटले. वाघीण बाहेर आली, एकदा आमच्याकडे बघितलं, पाठ फिरवली आणि उलटी, मागचे पाय आधी टाकत पाण्यात बसली, फक्त खांदे आणि डोकं वर ठेवून. तिच्या कानांवरचे पांढरे ठिपके आम्हाला मोजता येत होते. सांबर अजूनही पलीकडच्या काठावर पाय रोवून उभं होतं.

आता ठसे. रस्त्याच्या कडेच्या मऊ धुळीत बघा. ठसा टायरच्या खुणेच्या वर उमटलेला असेल तर वाघ शेवटच्या गाडीनंतर गेला आहे. टायर ठशावरून गेला असेल तर त्याच्या आधी. ठशाच्या कडा तीक्ष्ण असतील तर ताजा, ढासळल्या असतील किंवा त्यावरून किड्याची बारीक नक्षी गेली असेल तर जुना. नराचा ठसा चौकोनी वाटतो, मादीचा किंचित लांबट. हे मुलांना दाखवा. वाघ दिसला नाही तरी घरी जाऊन ती याच गोष्टी सांगतात.

वाघाच्या मागं लागून बाकीचं हुकवू नका. मगरीच्या पाठीसारखी खवलेदार साल म्हणजे ऐन. रात्री चमकावं तसं पांढरंफटक, पानगळीनंतर उघडं पडलेलं झाड म्हणजे कुलू, ज्याला लोक भूताचं झाड म्हणतात. ताडोबा तलावाच्या काठाला ओंडका दिसला तर दुर्बिणीतून बघा, तो डोळे मिटतो का. तिथं मगरी आहेत. फांदीवर छाती काढून बसलेला सर्पगरुड, जमिनीवर नाक खुपसून वाळवी काढणारं अस्वल, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रानगवा. रानकुत्र्यांची टोळी दिसली तर ती वाघापेक्षाही भाग्याची गोष्ट मानतो मी.

दिशा सांगायची एक सोपी रीत: गाडीचं तोंड म्हणजे बारा वाजले. "तीनवर, बांबूच्या मागं, खाली." हात लांब करून "तो बघ, तो बघ" ओरडण्यापेक्षा हे लवकर कळतं आणि आवाजही होत नाही. घरूनच सराव करून या.

## टप्पा ८: वाघ समोर आल्यावर

इथं माणसं सगळं विसरतात.

पहिलं काम: बसून राहा. उभं राहिलं की मागच्याला दिसत नाही, तो सीटवर चढतो, गाडी हलते, वाघ उठून जातो. दुसरं: कुजबुजसुद्धा नको. तिसरं: हात-पाय गाडीच्या आत.

अंतर किमान २० मीटर ठेवायचं, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं मार्गदर्शन आहे. ड्रायव्हर त्याहून जवळ नेत असेल तर तुम्ही "बस, इथंच" म्हणा. पर्यटकानं म्हटलेलं तो लगेच ऐकतो. वाघ रस्त्यावरून चालत असेल तर त्याच्या पुढं आणि मागं, दोन्हीकडे वाट मोकळी हवी. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना दोन्ही बाजूंनी अडवून धरलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत तुमच्या-आमच्यासारखीच कुटुंबं बसलेली होती. "अजून थोडं पुढं घ्या ना" असं कुणीतरी म्हटल्याशिवाय गाड्या तशा लागत नाहीत.

वाघ कान मागं पाडून, शेपटीचा शेंडा झटकत, खर्जात गुरगुरू लागला तर तो त्रासला आहे. गाइडला सांगून मागं घ्या. पिल्लं सोबत असतील तर थोडक्यात आटपा आणि जागा दुसऱ्या गाडीला द्या.

सावधान: कुठल्याही कारणानं खाली उतरू नका. टोपी पडली, लेन्सचं झाकण पडलं, गाडी बंद पडली, तरीही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा भागात वाघांच्या खाणाखुणांचं पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती रोज त्या जंगलात वावरणारी, प्रशिक्षित होती. गाडी बंद पडली तर गाइडला सांगा, दुसरी जिप्सी मदतीला येते.

## टप्पा ९: फोटो, थोडक्यात

ट्रायपॉड आणू नका, जिप्सीत तो उभा राहत नाही. जुन्या मोज्यात तांदूळ भरून तोंड शिवून टाका, गाडीच्या दांडीवर ठेवा आणि त्यावर लेन्स टेका. फोटो काढताना इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर चित्रात उतरते. चालत्या प्राण्याला शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, पहाटे उजेड कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवायला घाबरू नका. फ्लॅश बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा. धुळीत लेन्स बदलू नका. कॅमेरा पिशवीऐवजी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मांडीवर ठेवला तर धूळही लागत नाही आणि काढायला आवाजही होत नाही.

पहिली दोन मिनिटं फोटो काढा, मग कॅमेरा खाली ठेवा आणि उघड्या डोळ्यांनी बघा.

## टप्पा १०: बाहेर पडल्यावर

वेळेच्या आत गेटवर पोचणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे आणि उशीर झाला तर कारवाई त्याच्यावर होते. म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत "एकदा त्या पाणवठ्यावर जाऊ" असा हट्ट धरू नका.

बाटल्या, पाकिटं, मुलांच्या गोळ्यांचे कागद, सगळं मोजून परत आणा. गाइड आणि ड्रायव्हर दोघांनाही हातात बक्षिसी द्या, वाघ दिसला नसेल तर आवर्जून द्या. चार तास त्यांनी तुमच्याइतकीच धूळ खाल्ली आहे. कुणी नियम मोडला असेल, दुसऱ्या गाडीनं प्राण्याला अडवलं असेल, तर जिप्सीचा क्रमांक आणि वेळ लिहून गेटवरच्या वनकर्मचाऱ्याकडे तक्रार नोंदवा.

फोटो टाकताना नेमकी जागा आणि वेळ लिहू नका, विशेषतः पिल्लं असतील तर. दुसऱ्या दिवशी त्या एका पाणवठ्यावर गाड्यांची रांग लागते.

मुक्कामावर गेल्यावर आधी आंघोळ, मग जेवण. उन्हाळ्यात पन्हं किंवा ताक प्या, थंडगार पाणी एकदम पोटात ओतू नका. दुपारी दोन तास पडून राहा, संध्याकाळच्या फेरीत जागे राहायचं आहे.

आणि परतीच्या दिवशी स्वतःची गाडी चालवताना एक गोष्ट पाळा. गेटाबाहेर डांबरी रस्ता लागला की सगळे वेग वाढवतात, पण दोन्ही बाजूंना अजून बफरच असतं. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं तर लगेच गाडी पुढं दामटू नका. मागून कळप येत असतो.